मिलिमीटरवरचा कर

(सोलापूर येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सिगारेटमुळे काय होतं, हे मी आज सांगणार नाही. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते चित्रासकट छापलेलं असतं आणि २०१६ पासून ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आहे. मला बोलायचं आहे ते त्याच पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेल्या किमतीबद्दल. सर्व करांसहित, असं तिथे लिहिलेलं असतं. ती किंमत कोण ठरवतं, असं विचारलं तर बहुतेकजण म्हणतील, कंपनी. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. सिगारेट किती लांब असावी, तिला फिल्टर असावा की नसावा, ती कुठल्या आकड्याला विकली जावी, हे गेली चाळीस वर्षं कंपनीच्या माणसाइतकंच दिल्लीतल्या अर्थखात्यातल्या माणसानं ठरवलेलं आहे. कर लावणाऱ्यानं मोजपट्टी निवडायची आणि माल बनवणाऱ्यानं त्या मोजपट्टीप्रमाणे माल कापायचा, असा हा खेळ चालत आला आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते विडी कामगारांच्या मुलांना गणित शिकवत. त्यामुळे थोडे आकडे आले तर त्यांना आवडलंच असतं, आणि तुम्ही सांभाळून घ्याल.

सुरुवात टपरीपासून करू. पुडे लटकवलेले, बरण्या मांडलेल्या, दोरीला लायटर बांधलेला. गिऱ्हाईक येतं आणि एक सिगारेट मागतं. पाकीट घेणारा त्यांच्यात विरळा. आता छापील किंमत असते ती पाकिटाची. पाकीट फोडलं की सुट्या सिगारेटवर किंमत छापलेली नसते. समजा, दहाचं पाकीट १७० रुपयांचं आहे. हिशेबानं एक सिगारेट १७ रुपयांना जायला हवी. टपरीवाला १८ घेईल, नाही तर सरळ २० घेईल. वर सुटे नाहीत म्हणून एखादी गोळी हातावर ठेवेल. हल्ली क्यूआर कोड आला, १७ रुपये ५० पैसेही पाठवता येतात, पण भाव काही सतराच्या पुढे पन्नास पैशांवर आला नाही. तो गोल आकड्यांतच फिरतो. कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून सरकारनं एका सिगारेटमागे चाळीस पैसे कर वाढवला तर सुट्या सिगारेटचा भाव चाळीस पैशांनी वाढत नाही. एक तर तो जागचा हलत नाही, कारण कंपनी आणि दुकानदार ते पैसे आपल्यात जिरवतात, नाही तर एकदम रुपया-दोन रुपयांनी उडी मारतो आणि वरचे पैसे दोघे वाटून घेतात. कराचं गणित दिल्लीत हजार सिगारेटींमागे होतं. पिणारा मात्र एकेक सिगारेट विकत घेतो. या दोन हिशेबांच्या मधल्या जागेत बरंच काही घडतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२० च्या सप्टेंबरात सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. सुट्या सिगारेटवर धोक्याचा इशारा नसतो आणि इशाऱ्याशिवाय विक्री कायद्यात बसत नाही, हे त्यामागचं कारण. कारण रास्त होतं. आर्थिकदृष्ट्याही ती बंदी फार महत्त्वाची होती, कारण कॉलेजातल्या पोराला पावणेदोनशे रुपये एकदम काढायला लावणं आणि वीस रुपये काढायला लावणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कर कितीही वाढवा, सुटी विक्री त्याची धार बोथट करते. आज त्या बंदीचं काय झालं आहे, हे इथून घरी जाताना वाटेतल्या पहिल्याच टपरीवर पाहा.

छापील किंमत आणि हातात पडलेली किंमत यांतल्या फरकानं या देशात एक मोठा खटला घडवला आहे. १९८३ पासून सिगारेटवरचं उत्पादन शुल्क पाकिटावर छापलेल्या किमतीच्या टप्प्यांवर बसवलेलं होतं. कमी किंमत छापा, कमी शुल्क भरा. मग झालं असं की, अनेक ठिकाणी पाकीट छापील किमतीपेक्षा जास्त भावानं विकलं जाऊ लागलं. उत्पादन शुल्क खात्याचं म्हणणं, हे कंपनीच्या संगनमतानं चाललं आहे, किंमत मुद्दाम कमी छापली जाते. १९८७ मध्ये खात्यानं आयटीसी या सिगारेट कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. रक्कम होती ८०३ कोटी रुपये, त्या काळच्या मानानं डोळे फिरवणारी. प्रकरण सतरा वर्षं चाललं आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. कायद्यानं कर छापील किमतीशी बांधलेला असेल तर दुकानदारानं काय भाव लावला याचा जाब कंपनीला कसा विचारणार? न्यायाची बाजू न्यायालयानं पाहिली. मला यातली कारभाराची बाजू महत्त्वाची वाटते. सरकारनं स्वतःच अशी मोजपट्टी निवडली होती की जिच्यावरचा आकडा करदात्यानंच छापायचा होता.

त्याच १९८७ साली, नोटिशीच्या सुमारासच, सरकारनं ती मोजपट्टी फेकून दिली आणि दुसरी घेतली. अर्थसंकल्प मांडला होता राजीव गांधींनी, कारण अर्थखातं तेव्हा पंतप्रधानांकडेच होतं. नवा नियम असा की, सिगारेटवर कर किमतीप्रमाणे लावायचा नाही, लांबीप्रमाणे लावायचा. हजार सिगारेटींमागे इतके रुपये, आणि सिगारेट जितकी लांब तितके रुपये जास्त. कल्पना चांगली होती. किंमत खोटी छापता येते, लांबी खोटी छापता येत नाही, फूटपट्टी लावली की कळते. फिल्टरच्या आडून पळवाट निघू नये म्हणून कायद्यानं असंही सांगितलं की, फिल्टरची लांबी निदान ११ मिलिमीटर धरायची, मग तो खरोखर कितीही आखूड असो. ही तरतूद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. पण ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला समोरच्या माणसाची पुरती ओळख होती, हे नंतर पटलं.

लांबीचे टप्पे आले आणि कारखान्यांनी सिगारेट टप्प्याच्या आत बसवायला सुरुवात केली. या सगळ्यातला २००८ ते २०१४ हा काळ मला फार बोलका वाटतो, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

विनाफिल्टरच्या आखूड सिगारेटीवर, म्हणजे साठ मिलिमीटरपर्यंतच्या, तेव्हा कर अगदी कमी होता. हजारामागे १६८ रुपये. विडी ओढणारा माणूस या स्वस्त सिगारेटीकडे यावा, म्हणजे असंघटित धंद्यातून संघटित धंद्यात यावा, हा त्यामागचा जुना हिशेब. फेब्रुवारी २००८ मध्ये अर्थमंत्री चिदंबरम यांनी एका झटक्यात तो कर ८१९ रुपयांवर नेला. जवळजवळ पाचपट. त्याहून लांब विनाफिल्टर सिगारेटीचा ५४६ वरून १,३२३ वर गेला. विनाफिल्टर आणि फिल्टर यांना एका पातळीवर आणायचं, एवढाच त्यांचा मुद्दा होता. परिणाम काय झाला? आयटीसीनं विनाफिल्टर सिगारेट बनवणंच बंद केलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मालाचा एक अख्खा प्रकार अर्थसंकल्पातल्या एका ओळीनं बाजारातून उठला. कराच्या ताकदीबद्दल शंका असणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. दोनच वर्षांनी, २०१० च्या अर्थसंकल्पात, साठ मिलिमीटरपर्यंतच्या फिल्टर सिगारेटीसाठी एक नवा टप्पा निघाला, हजारामागे ६६९ रुपयांचा. म्हणजे जो दरवाजा २००८ मध्ये बंद केला तो शेजारच्या भिंतीतून थोडासा उघडला. साठ मिलिमीटरची फिल्टर सिगारेट म्हणजे अकरा मिलिमीटर तर फिल्टरच, ओढायला उरलं काय? गिऱ्हाइकाला ती पुरेना. २०१२ मध्ये हा टप्पा साठवरून पासष्टपर्यंत वाढवण्यात आला. आणि मग ६४ मिलिमीटरची सिगारेट बाजारात आली. चौसष्ट, लक्षात घ्या. पासष्टच्या रेषेपासून एक मिलिमीटर राखून. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, सरकारनं सिगारेटवरचं शुल्क १८ टक्क्यांनी वाढवलं, पण पासष्टपर्यंतच्या सिगारेटीला त्यातून वगळलं. महागड्या सिगारेटी आणखी महाग झाल्या, आखूड मात्र होती तिथेच राहिली. जो माणूस वाढत्या भावाला कंटाळून कदाचित सोडण्याच्या विचारात आला असता त्याच्यासाठी एक पायरी खाली उतरायची सोय झाली. चौसष्टची विक्री भराभर वाढली. २०१४ च्या जुलैत अरुण जेटलींनी आपल्या पहिल्या अर्थसंकल्पात या पासष्टपर्यंतच्या टप्प्यावरचं शुल्क ७२ टक्क्यांनी वाढवलं, ६६९ वरून ११५० रुपये. बाकीच्या टप्प्यांवर वाढ ११ ते २१ टक्के. निदान या वेळी तरी बोट नेमक्या जागी ठेवलं गेलं. तरीही टप्पा राहिलाच, आणि तळाचा टप्पा स्वस्त राहिला.

यातून शिकायचं काय? टप्पा असेल तिथे काठावर गर्दी होणारच. आयकरात होते, मुद्रांक शुल्कात होते. पण सिगारेटच्या बाबतीत काठावर गर्दी होते ती नुसती कागदावर नाही. यंत्राची पाती बदलतात, कागदाची लांबी बदलते, नवा ब्रँड निघतो. सरकारला वाटतं आपण मालावर कर लावला. खरं तर माल त्या कराच्या मापाचा शिवून आलेला असतो.

जीएसटीच्या भागावर मी फार वेळ घालवणार नाही, पण त्यातली एक रात्र सांगण्यासारखी आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि वर भरपाई उपकर. जुन्या व्यवस्थेत राज्याचा व्हॅट हा केंद्राच्या शुल्कावर पुन्हा बसत असे, करावर कर. नव्या व्यवस्थेत दर ठरवताना हा करावरचा कर धरायचा राहून गेला. म्हणजे सिगारेटवरचा एकूण कर आधीपेक्षा कमी झाला! किमती मात्र उतरल्या नाहीत, फरक कंपन्यांच्या खिशात जाऊ लागला. वर्षाला पाच हजार कोटींच्या घरातला तो फरक होता. तेव्हा १७ जुलैला जीएसटी परिषदेनं घाईघाईनं दूरदृश्य बैठक घेतली आणि हजार सिगारेटींमागचा उपकर ४८५ ते ७९२ रुपयांनी वाढवला. दुसऱ्या दिवशी आयटीसीचा शेअर बारा टक्क्यांहून अधिक कोसळला. ज्या जनतेच्या आरोग्यासाठी हा कर आहे असं सांगितलं जातं, त्याच जनतेच्या विम्याच्या हप्त्यांतून एलआयसीनं घेतलेले आयटीसीचे शेअरही त्या दिवशी तितकेच खाली आले. सरकार एका हातानं कर घेतं आणि दुसऱ्या हातात सरकारी विमा कंपनीमार्फत त्याच धंद्याचा वाटा बाळगतं. यावर मला जास्त टिप्पणी करायची गरज वाटत नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षं हा उपकर जवळजवळ जागेवर राहिला. मधे २०२० आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय आपत्ती शुल्क वाढवलं तेवढंच. हे आपत्ती शुल्क २००१ सालचं, भूजच्या भूकंपानंतरच्या अर्थसंकल्पातलं. जीएसटी आल्यावर सिगारेटवर मूळ उत्पादन शुल्कच उरलं नव्हतं, मग त्याच्या आधारानं वसूल होणारं आपत्ती शुल्क कायद्यात टिकतं का, असा प्रश्न कोर्टात गेला. म्हणून २०१९ मध्ये हजार सिगारेटींमागे पाच-दहा रुपयांचं मूळ शुल्क पुन्हा लावलं. एका सिगारेटमागे अर्धा पैसा ते एक पैसा. वसुलीसाठी नव्हे, दुसऱ्या कराला टेकू म्हणून लावलेला कर! उत्पादन शुल्काच्या इतिहासात अशी गमतीची पानं पुष्कळ आहेत.

पण या शांत वर्षांचा खरा अर्थ समजून घ्या. कर रुपयांत ठरवलेला, हजारामागे इतके. महागाई दरवर्षी वाढत राहते, पगार वाढतात, आणि कराचे रुपये तेवढेच राहतात. म्हणजे न बोलता, संसदेत एक शब्द न काढता, सिगारेटवरचा खरा कर दरवर्षी कमी होत गेला. माणसाच्या उत्पन्नाच्या मानानं सिगारेट स्वस्त होत गेली. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत करातल्या या स्थैर्याचं कौतुक वाचायला मिळतं. ज्याचं त्याला सुख.

आता नवी व्यवस्था. राज्यांच्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटत आल्यावर भरपाई उपकर जाणार हे ठरलेलंच होतं. तो गेला असता आणि काहीच आलं नसतं, तर सिगारेट एकदम स्वस्त झाली असती. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं उत्पादन शुल्काचा कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी, शिवाय लांबीप्रमाणे उत्पादन शुल्क, अशी रचना लागू झाली. हजार सिगारेटींमागे २,०५० पासून ८,५०० रुपयांपर्यंत. पासष्ट मिलिमीटरपर्यंतच्या फिल्टर सिगारेटीला एका नगामागे साधारण दोन रुपये दहा पैसे, पासष्ट ते सत्तरला साडेतीन ते चार रुपयांच्या आसपास, सत्तर ते पंच्याहत्तरला पाच रुपये चाळीस पैसे. वाढ मोठी आहे, त्याबद्दल सरकारचं अभिनंदन करायला मला संकोच नाही. उत्पादन शुल्कात राज्यांचाही वाटा असतो, हीसुद्धा चांगली गोष्ट. पण रेषा पाहा. पुन्हा पासष्ट. त्या रेषेच्या पलीकडे पाऊल टाकलं की सिगारेटमागे निदान दीड रुपया शुल्क जास्त, त्या दीड रुपयावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे एकूण दोन रुपयांहून अधिक. दहाच्या पाकिटामागे वीस रुपये. चौसष्ट मिलिमीटर लांबीची सिगारेट बनवण्यासाठी याहून सबळ कारण कोणाला हवं?

फिलिपिन्समध्येही असंच होतं. तिथे किमतीचे चार टप्पे होते आणि स्वस्त सिगारेटींचा सुळसुळाट होता. २०१२ च्या अखेरीला त्यांनी कायदा केला, चाराचे दोन टप्पे केले आणि २०१७ पर्यंत दोनाचा एक. कुठलीही सिगारेट असो, पाकिटामागे ३० पेसो. त्यातून आलेल्या पैशाचा मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी लावला. तिथले राजकारणी आपल्यापेक्षा साधुसंत आहेत असं नाही. तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांचे खासदार तिथेही होते, कंपन्यांचे वकील तिथेही होते. तरी ते झालं.

किंमत वाढली की लोक सोडतात का, हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो, तेव्हा आधीच उत्तर देऊन टाकतो. काही सोडतात, काही कमी करतात, काही खालच्या ब्रँडवर उतरतात, आणि तरुण पोरांपैकी काहीजण सुरूच करत नाहीत. आपल्यासारख्या देशांत किंमत दहा टक्के वाढली तर खप साधारण पाच टक्के घटतो, असा जगभरच्या अभ्यासकांचा ढोबळ अंदाज आहे. खप किमतीपेक्षा कमी प्रमाणात घटतो, म्हणून सरकारचं उत्पन्न बुडत नाही, उलट वाढतं. खालच्या ब्रँडवर उतरण्याची शिडी काढून घेतली तर हा परिणाम आणखी चांगला मिळेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते, किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान ७५ टक्के असावा. २०२६ च्या फेब्रुवारीपूर्वी आपल्याकडे सिगारेटीत तो निम्म्याहून थोडासाच जास्त होता.

कंपन्यांचा हुकमी मुद्दा असतो तस्करीचा. कर वाढवा, की चोरटा माल वाढतो, सरकारचं नुकसान, शेतकऱ्याचं नुकसान. चोरटा माल आहे, यात शंका नाही. बंदरांवर कंटेनरच्या कंटेनर पकडले जातात. पण बाजारातला त्याचा वाटा किती, हे कोण मोजतं त्यावर आकडा अवलंबून असतो. उद्योगाच्या संघटना जो आकडा सांगतात त्याहून, दुकानांतून पाकिटं गोळा करून स्वतंत्र संशोधकांनी मोजलेला आकडा कितीतरी लहान निघाला आहे. आणि समजा वाटा मोठा आहे, तर उपाय सीमाशुल्क खात्यानं करायचा आहे. रात्री दुकानं फुटतात म्हणून दुकानातल्या मालाचा भाव कमी करा, असं कोणी पोलीस अधीक्षकाला सांगत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो, आणि तो सोलापुरात सांगताना मला थोडं जपून बोलायला हवं. तो मुद्दा विडीचा.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते आणि चार टक्के सिगारेट. आपण ज्या सिगारेटीवर तासभर बोललो ती धूम्रपानातली धाकटी आहे. थोरली आहे विडी. तिच्यावर भरपाई उपकर कधीच नव्हता, फक्त २८ टक्के जीएसटी होता, आणि नव्या रचनेत तोही १८ टक्क्यांवर आणला. तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ टक्के. वीस रुपयांच्या बंडलात जीएसटी साडेचार रुपयांच्या जवळ होता, तो तीन रुपयांवर आला. त्याआधी उत्पादन शुल्काच्या काळात वर्षाला वीस लाखांपर्यंत हातविड्या करणाऱ्याला शुल्कच माफ होतं. रोजच्या हिशेबात साडेपाच हजार विड्या. एवढ्यावर थांबायला कोणता मालक तयार होईल? मग एका मालकाच्या विड्या अनेक नावांनी बाहेर पडत.

या सगळ्या सवलतींचं कारण एकच सांगितलं जातं: विडी कामगार. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, अकोले, आणि तिकडे गोंदिया-भंडाऱ्याकडचे तेंदूपत्ता गोळा करणारे हात. लाखो बायकांचं पोट त्यावर आहे, हे मला मान्य आहे. पण मला सांगा, करात सूट मिळाली तेव्हा हजारी, म्हणजे हजार विड्या वळण्याची मजुरी, किती वाढली? इथे बसलेल्या ज्या माय-बहिणींनी घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या आहेत त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. पान, तंबाखू, दोरा मालकाकडून मोजून मिळतो. पान किडकं निघालं तरी विड्या हजार द्यायच्या. कमी पडलं तर पान स्वतः विकत आणायचं. कारखान्यात नेल्यावर छाट म्हणून ज्या विड्या बाजूला काढतात त्यांचे पैसे नाहीत, पण त्या विड्या फेकल्याही जात नाहीत. त्या छाटीवर कोणत्या अर्थसंकल्पानं कधी सवलत दिली? विडी स्वस्त राहिली ती ओढणाऱ्याला. ओढणारा मुख्यतः हमाल, बांधकाम मजूर, शेतमजूर. म्हणजे गरिबाच्या हातानं वळलेली वस्तू गरिबाच्या छातीपर्यंत स्वस्तात पोचावी यासाठी सरकार आपलं उत्पन्न सोडतं.

आणि जो एक कर खरोखर कामगारांसाठी होता, तोच काढून टाकला. १९७६ च्या कायद्यानं विडीवर कल्याण उपकर बसवला होता. हजार विड्यांमागे काही रुपये, अगदी किरकोळ. पण त्यातून विडी कामगारांचे दवाखाने चालत, घरांना मदत मिळे, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुलं आज या सभागृहात आहेत, याची मला खात्री आहे. २०१७ मध्ये जीएसटी आणताना जे बारीकसारीक उपकर साफ केले त्यांत हाही गेला. योजना कागदावर राहिल्या, त्यांच्या नावचा पैसा राहिला नाही. ज्या जीएसटीनं सिगारेटच्या कंपनीला चुकून पाच हजार कोटी देऊ केले आणि सतराव्या दिवशी चूक दुरुस्त केली, त्याच जीएसटीनं विडी कामगाराचा उपकर काढला. ही चूक दुरुस्त करायला अजून कोणी बैठक बोलावलेली नाही.

तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं नाव या वादात नेहमी घेतलं जातं, म्हणून निपाणीचं एक उदाहरण. १९४३ मध्ये इंग्रज सरकारनं कच्च्या तंबाखूवरच उत्पादन शुल्क बसवलं होतं, ते १९७९ मध्ये गेलं. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा कर गेला, तरी दोन वर्षांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांना भावासाठी महामार्गावर बसावं लागलं आणि गोळीबारात माणसं मेली. कर गेल्यानं शेतकऱ्याला भाव मिळत नाही. भाव व्यापारी आणि कारखानदार देतात, आणि ते किती देतात याचा कराशी संबंध थोडा असतो.

गुटख्याविषयी बोलायला वेळ नाही. महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणजे त्याच्यावर कर शून्य. आणि आपल्या राज्यात धुराच्या तंबाखूपेक्षा चघळण्याच्या तंबाखूचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, चारात जवळजवळ एक प्रौढ. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि पुढच्या वर्षी संयोजकांनी एखाद्या पोलीस अधिकाऱ्याला त्यावर बोलवावं.

माझी मागणी सरळ आहे. लांबीचे टप्पे काढा. चौसष्ट असो की पंच्याहत्तर, एका सिगारेटला एकच शुल्क लावा, आणि ते सगळ्यात वरच्या टप्प्याच्या जवळचं लावा. ते दरवर्षी महागाई आणि उत्पन्नवाढीप्रमाणे आपोआप वाढेल, असं कायद्यातच लिहा, म्हणजे अर्थमंत्र्याला दरवर्षी हिंमत गोळा करावी लागणार नाही. विडीलाही नगावर कर लावा. पण तिथे एक अट घाला. विडीच्या कराचा पैसा एका वेगळ्या निधीत जावा आणि तो विडी वळणाऱ्या बाईच्या दवाखान्यावर, तिच्या पोरांच्या शिक्षणावर आणि तिला दुसरं काम मिळवून देण्यावरच खर्च व्हावा. तिच्या नावावर मालकाला सवलत द्यायची, हे आता थांबलं पाहिजे.

जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा एक मंत्री बसतो आणि त्याला मत आहे. सोलापुरात विडी कामगारांच्या संघटना आहेत, त्यांच्यातले फाटे मला माहीत आहेत. पण हजारीसाठी त्या एकत्र मोर्चा काढू शकतात, तर २०१७ मध्ये गेलेल्या कल्याण उपकरासाठीही काढू शकतात. त्या मागणीचा मसुदा लिहायला, आकडे जमवायला मी कधीही यायला तयार आहे. पुढच्या बैठकीच्या आधी तो मंत्रालयात पोचला पाहिजे.